बारा नंबरचा पेशंट कोण?

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात तासभर उभे राहिले तर रुग्णांची नावे फारशी कानावर पडत नाहीत. ‘बारा नंबरचं सलाईन संपलं’, ‘चार नंबरचा एक्स-रे आला का?’, ‘नऊ नंबरला आज सुट्टी’ अशीच सगळी बोलणी. त्यात कोणाचा अनादर करायचा हेतू नसतो. तीस खाटांच्या वॉर्डात रोज दहा-बारा नवे चेहरे येतात आणि तेवढेच जातात. नावापेक्षा खाटेचा नंबर लक्षात ठेवायला सोपा असतो, आणि भिंतीवर तो ठळक रंगवलेलाही असतो.

समजा, सकाळी नऊ वाजता बारा नंबरच्या खाटेवरील रुग्णाचे रक्त तपासणीला गेले. नळीवर घाईघाईत नुसते ‘वॉर्ड ५, बेड १२’ लिहिले. अकराला तो रुग्ण दुसऱ्या वॉर्डात हलवला गेला. साडेअकराला त्याच खाटेवर दुसरा रुग्ण आला. दुपारी दोनला प्रयोगशाळेतून फोन येतो, ‘बारा नंबरचं पोटॅशियम ६.८ आहे.’ पोटॅशियम इतके वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, म्हणून उपचार ताबडतोब सुरू करावे लागतात. पण कोणावर? खाटेवर आता जो आहे त्याला इन्सुलिन दिले, तर ज्याचे पोटॅशियम मुळात ठीक होते त्याचेच पोटॅशियम आणि साखर खाली येणार. ज्याला खरी गरज आहे तो पलीकडच्या वॉर्डात उपचारांविना पडून राहणार. फोन करणाऱ्याचे काही चुकलेले नाही, तपासणीही अचूक आहे. फक्त मधल्या वेळात नंबराचा मालक बदलला.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले, तेव्हा रुग्णाची ओळख पटवणे हा त्यातला एक स्वतंत्र उपाय होता. ओळखीच्या किमान दोन खुणा पाहाव्यात आणि त्यांत खोलीचा नंबर धरू नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. खाटेचा नंबर ही जागेची खूण आहे, माणसाची नव्हे.

हाच प्रश्न संगणकाचे गाभ्याचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी गेली कित्येक दशके सोडवत आणला आहे. नंबर द्यायचा कसा, मोकळा नंबर झटकन शोधायचा कसा, आणि परत आलेला नंबर दुसऱ्याला द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर कधी? वरवर हा कारकुनी प्रश्न वाटतो. त्याची उत्तरे पाहिली की रुग्णालयातल्या नोंदवहीकडे पाहण्याची नजर बदलते.

सोलापूर आणि तुळजापूर यांच्या दरम्यान महामार्गावर तामलवाडी लागते. तिथली एखादी गरोदर बाई तपासणीसाठी तुळजापूरला किंवा सोलापूरला निघाली, की तिच्याबरोबर नंबरांची एक मोळीच निघते. माता-बाल आरोग्याच्या पोर्टलवरचा तिचा नोंदणी क्रमांक. बारा अंकी आधार. काढले असेल तर चौदा अंकी ‘आभा’ खाते. रुग्णालयात पोहोचल्यावर केसपेपरचा नंबर, रांगेचे टोकन, सोनोग्राफीचा नंबर. भरती झाली तर आंतररुग्ण क्रमांक, खाटेचा नंबर, रक्ताच्या नळीचा नंबर, आणि रक्त द्यावे लागले तर त्या पिशवीचा नंबर. स्वतःच्या गाडीने गेली तर तामलवाडीच्याच टोलनाक्यावर काचेवरचा फास्टॅग आपला नंबर सांगतो, तो गाडीच्या पाटीवरच्या नंबरापेक्षा वेगळा. देशभरातील टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये.

एवढे नंबर कशाला, नाव पुरेसे नाही का? नाही. आणि या भागात तर मुळीच नाही. तुळजापूरच्या देवीच्या छायेतल्या गावांत अंबादास आणि अंबिका घरोघरी सापडतात. एकाच वॉर्डात दोन अंबादास, आडनाव एकच, वयही साठच्या आसपास, असे झाले तर त्यात नवल कसले? वडिलांचे नाव विचारले तर तेही जुळण्याची शक्यता असते.

या मोळीतल्या प्रत्येक नंबराचे आयुष्य मात्र वेगळे आहे. टोकन संध्याकाळपर्यंत जगते. खाटेचा नंबर रुग्ण त्या खाटेवर आहे तोपर्यंत त्याचा. आंतररुग्ण क्रमांक नोंदी असेपर्यंत टिकायला हवा. आधार जन्मभराचे. घोळ होतो तो थोड्या आयुष्याच्या नंबराला लांब आयुष्याचे काम दिले की.

आता संगणकाकडे. संगणकाच्या मुख्य प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हा लष्करातला कर्नल नव्हे. आंब्याची कोय फोडली की आत जो गर निघतो, त्या अर्थाचा. फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्स हा असाच एक कर्नल. अँड्रॉइड फोन त्याच्यावरच चालतात, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या खिशात तो आहे. फोनवर एखादे अॅप उघडले की कर्नल त्या चालू कामाला एक नंबर देतो. काम संपले की नंबर मोकळा. पडद्याआड अशी शेकडो कामे सतत जन्मतात आणि संपतात. मोठ्या संगणकांवर त्यांची संख्या हजारांत, कधी लाखांतही जाते.

लिनक्समध्ये या नंबरांची नेहमीची मर्यादा ३२,७६८ ठेवलेली होती. तिथपर्यंत पोहोचले की मोजणी पुन्हा खालून सुरू होते. गंमत अशी की ती अगदी एकपासून सुरू होत नाही. पहिले तीनशे नंबर सोडून पुढे जाते. ते प्रणाली सुरू होतानाच्या मूळ कामांसाठी राखून ठेवलेले असतात. अपघात विभागात दोन खाटा कायम मोकळ्या ठेवतात, त्याच जातीचा हा शहाणपणा.

मोकळा नंबर शोधण्याची सुरुवातीची पद्धत अगदी बाळबोध होती. शेवटचा दिलेला नंबर घ्यायचा, त्यात एक मिळवायचा आणि चालू कामांची सगळी यादी तपासून हा नंबर कोणाकडे आहे का ते पाहायचे. असेल तर आणखी एक मिळवायचा. थोडी कामे असताना हे ठीक चालते. वॉर्डात सहा रुग्ण असतील तर सिस्टर एक नजर फिरवून मोकळी खाट सांगतील. पण हजार खाटांच्या रुग्णालयात प्रत्येक नव्या रुग्णासाठी कोणी वॉर्डावॉर्डांतून फिरत ‘अहो, ही खाट मोकळी आहे का?’ असे विचारत सुटले तर? रुग्ण दुप्पट झाले की प्रत्येकासाठी मारायची फेरी दुप्पट होते आणि फेऱ्याही दुप्पट, म्हणजे काम चौपट. गर्दी जितकी जास्त, तितके हे काम आणखी रेंगाळते. आणि नेमक्या गर्दीच्याच वेळी घाई असते.

२००२ मध्ये इंगो मोलनार या हंगेरियन प्रोग्रामरने यावर तोडगा काढला. एक तक्ता करायचा. जितके नंबर तितके चौकोन. नंबर दिला की चौकोनात १, मोकळा झाला की ०. याला बिटमॅप म्हणतात. ३२,७६८ चौकोन म्हणजे तितके बिट, म्हणजे फक्त ४ किलोबाइट. कर्नल ज्या मापाने स्मृती वाटतो त्याला ‘पान’ म्हणतात, आणि अनेक संगणकांवर ते पान नेमके ४ किलोबाइटचे असते. सगळ्या नंबरांचा हिशेब एका पानावर! शिवाय आजचा संगणक असे ६४ चौकोन एका दमात वाचतो. सगळे भरलेले दिसले की पुढचे ६४. चालू कामांची यादी पाहायची गरजच उरली नाही.

त्याच वर्षी लिनक्समध्ये असे बरेच बदल झाले. जुन्या पद्धतीने एक लाख धागे, म्हणजे एका कामाच्या पोटातली छोटी कामे, सुरू करून संपवायला सुमारे पंधरा मिनिटे लागली असती. ते काम दोन सेकंदांवर आले. नंबरवाटपाची नवी पद्धत हा त्या बदलांतला एक भाग होता.

अपघात विभागाजवळ ‘उपलब्ध खाटा’ असा फलक असतो, तो बिटमॅपचाच भाऊ. फक्त मोठ्या रुग्णालयात फलक दोन पायऱ्यांचा लागतो. पहिल्या फलकावर कोणता वॉर्ड पूर्ण भरलेला आहे एवढेच. मग त्या त्या वॉर्डाचा स्वतःचा फलक. भरलेल्या वॉर्डात डोकावायचे कारणच नाही. उघडलेल्या फाइलींना नंबर देताना लिनक्सने २०१५ मध्ये नेमकी ही युक्ती घेतली. तक्त्यावर आणखी एक छोटा तक्ता ठेवला, त्यात खालच्या ६४ चौकोनांच्या प्रत्येक गठ्ठ्यासाठी ‘भरला’ किंवा ‘जागा आहे’ अशी एकच खूण. फाइलींच्या बाबतीत नियम असा की मोकळ्यांपैकी सर्वांत लहान नंबरच द्यायचा, त्यामुळे शोध नेहमी सुरुवातीपासून करावा लागतो. पुढचे सगळे भरलेले असले तर आधी फार चाचपडावे लागे. वरच्या छोट्या तक्त्याने ते थांबले.

ही युक्ती आणखी पुढे नेली की झाड तयार होते. वर एक खोड, त्याला ६४ फांद्या, प्रत्येक फांदीला पुन्हा ६४. चार पायऱ्यांत १,६७,७७,२१६ नंबर मावतात. कुठल्याही नंबरापाशी पोहोचायला चारच पावले. प्रत्येक फांदीवर ‘खाली जागा आहे’ अशी खूण असते, त्यामुळे मोकळा नंबरही तेवढ्याच पावलांत सापडतो. आणि ज्या फांदीवर कोणीच नाही ती तयारच करायची नाही, जागा वाचते. लिनक्समधल्या या झाडाला आयडीआर म्हणतात. त्याचे धाकटे भावंड आयडीए.

दोघांतला फरक समजण्यासारखा आहे. आयडीआर प्रत्येक नंबरासोबत त्याचा मालक कोण आणि तो कुठे आहे, हेही ठेवतो. आयडीए फक्त नंबर दिलेला आहे की नाही, एवढेच सांगतो आणि म्हणून फार कमी जागेत राहतो. नंबरवाटपाची कुठलीही व्यवस्था उभारताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: फक्त नंबर द्यायचा आहे, की उद्या नंबर सांगितल्यावर माणूसही शोधून द्यायचा आहे? टोकनाला पहिले पुरते. केसपेपरला दुसरे लागते, आणि दहा वर्षांनी लागते.

चालू कामांच्या नंबरांसाठी लिनक्सकडे बरीच वर्षे दोन वेगवेगळ्या वह्या होत्या. कोणता नंबर मोकळा हे बिटमॅप सांगे, आणि नंबरावरून काम शोधायला वेगळी सारणी होती. २०१७ मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून काम करणाऱ्या एका तरुणीने या दोन्हींच्या जागी आयडीआर बसवला. कोड कमी झाला आणि दोन वह्या जुळत्या ठेवण्याची कटकटही संपली. रुग्णालयात नोंदणी खिडकीवर एक वही आणि अभिलेख कक्षात दुसरी, अशी व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे काम किती मोलाचे ते वेगळे सांगायला नको. एका वहीत खाडाखोड होते, दुसरीत होत नाही. आणि वाद होतो तेव्हा दोन्ही वह्या सरकारी, दोन्ही खऱ्या.

बिटमॅप वाईट होता असे मात्र नाही. नंबर थोडे असले, दाटीने वापरले जात असले आणि मालक शोधायचा नसला, तर त्याच्याइतके स्वस्त काही नाही. मर्यादा वाढवून ४१,९४,३०४ केली, तर पूर्ण तक्त्याला ५१२ किलोबाइट लागतील आणि त्यातले बहुतेक चौकोन रिकामे पडून राहतील. तिथे झाड सरस. औषध तेच, मात्रा रुग्ण पाहून.

आता परत आलेल्या नंबराचे काय करायचे? सर्वांत सोपे म्हणजे परत आलेला नंबर गठ्ठ्यावर वर ठेवायचा आणि पुढच्या माणसाला तोच द्यायचा. तुळजापूरला देवळाबाहेर चप्पल ठेवण्याच्या जागी असेच चालते. बिल्ला परत आला, चप्पल दिली, तोच बिल्ला पुढच्या भाविकाच्या हातात. दिवसभरात हजारो माणसे जातात आणि गोंधळ होत नाही. का होत नाही? कारण बिल्ला परत येतो त्याच क्षणी चप्पलही जाते. त्या बिल्ल्याच्या नावाने मागे काहीही शिल्लक राहत नाही.

वॉर्डात नेमके हेच होत नाही. रुग्ण खाट सोडतो, पण त्या खाटेच्या नंबराने गेलेली रक्ताची नळी प्रयोगशाळेत असते, एक्स-रे वाचायचा असतो, औषधांची चिठ्ठी मेडिकलवर असते. नंबर परत आला, पण त्याच्या सावल्या अजून बाहेर फिरत आहेत. अशा वेळी नंबर लगेच दुसऱ्याला देणे म्हणजे त्या सावल्याही त्याच्या अंगावर टाकणे.

कर्नलमध्ये हा धोका अक्षरशः तसाच आहे. एक काम दुसऱ्याला ‘४५१२ नंबरचे काम थांबव’ असा आदेश देते. आदेश पोहोचेपर्यंत जुना ४५१२ संपला आणि नव्या कामाला तोच नंबर मिळाला, तर मरते ते निरपराध नवे काम. संगणकात घुसखोरी करणाऱ्यांनी या फटीचा मुद्दाम फायदा घेतल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून लिनक्स परत आलेला नंबर लगेच देत नाही. पुढे पुढे जात राहतो, शेवटापर्यंत पोहोचला की मगच वळसा घेतो. घड्याळाच्या काट्यासारखे. मधल्या काळात जुन्या सावल्या विरून जातात, निदान तशी अपेक्षा असते.

दुसरी तजवीज जास्त पक्की आहे. काम संपले तरी ज्याने ते सुरू केले होते त्याने ‘निकाल कळला’ अशी पोच देईपर्यंत त्याचा नंबर मोकळा होत नाही. संपलेले, पण नंबर धरून बसलेले, अशा कामांना प्रोग्रामर झोंबी म्हणतात. नाव गमतीचे असले तरी कल्पना गंभीर आहे आणि वॉर्डात जशीच्या तशी वापरता येण्यासारखी आहे. खाट मोकळी दिसली तरी त्या खाटेच्या नावाने बाहेर काय काय गेले आहे, याचा हिशेब मिटल्याशिवाय ती ‘मोकळी’ म्हणायची नाही. खाटांची टंचाई असताना हे अवघड आहे, कोणी नाकारणार नाही. मग खाटेच्या नंबराने काहीही बाहेर पाठवायचेच नाही, हा जास्त सोपा मार्ग उरतो.

तिसरी गोष्ट २०१९ मध्ये आली. नंबराऐवजी त्या कामाचा थेट हात धरून ठेवायचा. नंबर पुढे कोणालाही जावो, हातात धरलेले काम तेच राहते. रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा म्हणजे हीच युक्ती. पट्टा खाटेबरोबर मागे राहत नाही, रुग्णाबरोबर चालत जातो.

वर्षाचा आकडा हीसुद्धा अशीच एक जुनी, साधी आणि दुर्लक्षित तजवीज आहे. आंतररुग्ण क्रमांक अनेक ठिकाणी १ जानेवारीला पुन्हा एकपासून सुरू होतो. त्यामुळे २३४१ नंबरचे रुग्ण दरवर्षी एक, असे दहा वर्षांत दहा होतात. ‘२३४१/२०२४’ असे पूर्ण लिहिले तर काही बिघडत नाही. पण कागदाच्या कोपऱ्यात जागा कमी म्हणून तिरक्या रेघेपुढचे गळते, आणि जुनी फाइल मागवली की भलत्याचीच येते. संगणकांनी दूरच्या फाइलींसाठी हेच केले आहे. फाइलीचा नंबर पुन्हा वापरला जातो, पण त्याला ‘पिढी’चा आकडा जोडलेला असतो, पिढी जुळली नाही तर फाइल मिळत नाही. रुग्णालयाच्या नोंदींत वर्ष म्हणजे पिढी.

आता नंबर परत घ्यायचाच नाही, असे ठरवले तर? त्याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच सुरू झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. एप्रिल २०१६ पर्यंत त्यांची संख्या शंभर कोटींवर गेली. आधार क्रमांक बारा अंकी. तो ० किंवा १ ने सुरू होत नाही, आणि शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. म्हणजे पहिल्या जागेसाठी आठ पर्याय आणि पुढच्या दहा जागांसाठी दहा-दहा. एकूण आठ हजार कोटी नंबर. देशाची लोकसंख्या त्याच्या दोन टक्केही नाही. माणूस गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देण्याची गरज पिढ्यानपिढ्या पडणार नाही.

या सगळ्या नंबरांचा बिटमॅप केला तर किती मोठा होईल? आठ हजार कोटी बिट म्हणजे १० गिगाबाइट. आजच्या साध्या फोनमध्येही मावेल! पण त्यातून कळेल ते इतकेच की अमुक नंबर दिलेला आहे. आधारची खरी कसोटी उलट बाजूची होती: समोर आलेल्या या माणसाला आधीच एखादा नंबर मिळालेला आहे का? त्यासाठी दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळे आणि चेहरा, आधी नोंदलेल्या सगळ्यांशी ताडून पाहावे लागतात. नंबर देणे स्वस्त आहे. एका माणसाला दोन नंबर जाणार नाहीत हे पाहणे महाग. फास्टॅगवरही तीच वेळ आली. एकाच गाडीचे अनेक टॅग निघू लागले, तेव्हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला २०२४ मध्ये ‘एक वाहन, एक फास्टॅग’ असा आग्रह धरावा लागला.

शेवटच्या अंकाची कथा डॉक्टरांनीही समजून घ्यावी अशी आहे. डच गणितज्ञ याकोबस व्हर्होफ यांनी १९६९ मध्ये ही पद्धत मांडली. कुठलाही एक अंक चुकला, किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर शेवटचा अंक जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. माणूस नंबर उतरवून घेताना ज्या चुका सर्वांत जास्त करतो, त्या याच दोन.

आता रुग्णालयाचा केसपेपर पाहा. सकाळी दहा वाजता खिडकीवर आलेल्यांना ४५११, ४५१२, ४५१३ असे नंबर मिळतात. तेच तिघे रक्त द्यायला एकामागे एक बसतात, त्यांच्या नळ्या एकाच रॅकमध्ये शेजारी उभ्या राहतात. घाईत २ चा ३ झाला तर चूक दिसतच नाही, कारण ४५१३ हाही खरा रुग्ण आहे, आजचाच आहे, त्याच रॅकमध्ये आहे. दाट नंबरांत प्रत्येक चूक खऱ्यासारखी दिसते. आधारसारख्या विरळ नंबरांत चुकीचा नंबर बहुधा कोणाचाच नसतो, म्हणून ती चूक डोळ्यात भरते. संगणकाच्या झाडाला दाट आणि लहान नंबर आवडतात; झाड ठेंगणे राहते. माणसाच्या हाताला विरळ आणि मागे तपासणीचा अंक असलेले नंबर लागतात. एकाच रुग्णालयात दोन्ही नांदू शकतात. आत संगणकाला काय हवे ते असो, कागदावर आणि नळीवर माणसाला सोसेल ते छापावे. बारकोड असेल तर उत्तमच, पण वीज गेली की पुन्हा पेन हाती येते.

रक्त देताना हे सगळे जिवावर बेतते. चुकीच्या गटाचे रक्त दिले जाण्याच्या घटनांत गट तपासण्यातली चूक कमी आणि ओळखीतली चूक जास्त, असे अनेक देशांच्या नोंदींनी दाखवले आहे. नळीवरचे नाव बरोबर, पण आतले रक्त शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे. किंवा पिशवी बरोबर, पण लावली भलत्याला. गट जुळत नसेल तर थोड्याशा रक्तानेही प्राण जाऊ शकतो. म्हणून रक्त लावण्यापूर्वी खाटेशेजारी उभे राहून दोघांनी नाव, नोंदणी क्रमांक, गट आणि पिशवीचा क्रमांक मोठ्याने वाचून जुळवायचा असतो.

इथे रुग्णाचाही हात हवा. सिस्टर विचारतात, ‘आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा.’ तेव्हा ‘तुमच्याकडे लिहिलेलं आहे की’ असे म्हणून वैतागू नये. आणि कोणी ‘तुम्ही अंबादासच ना?’ असे विचारले तर नुसती मान डोलवू नये; पूर्ण नाव आणि वय सांगावे. ज्याला कमी ऐकू येते, जो गुंगीत आहे किंवा घाबरलेला आहे, तो कुठल्याही नावाला ‘हो’ म्हणतो. रक्ताची नळी खाटेशेजारीच लिहिली जाते का, हे नातेवाइकाने पाहावे. खाट बदलली तर पट्टा आणि केसपेपर दोन्ही सोबत गेले का, ते पाहावे. जुना केसपेपर हरवला म्हणून खिडकीवर नवीन नाव काढून टाकण्याचा मोह टाळावा, आधी जुना नंबर शोधायला सांगावे. पेनिसिलिनची अॅलर्जी जुन्या नंबरावर लिहिलेली आणि इंजेक्शन नव्या नंबरावर, असे झाले तर त्या नोंदीचा उपयोग काय? ‘आभा’चा मुख्य फायदा हाच असायला हवा. म्हणून एकच खाते ठेवावे, प्रत्येक शिबिरात नवे काढू नये.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ याच रस्त्याने, तामलवाडीवरून जाते. वाटेत आरोग्य पथके असतात. अशा गर्दीत कोणी चक्कर येऊन पडतो, त्याच्याकडे फोन नसतो, ओळखपत्र नसते आणि सोबतचे पुढे गेलेले असतात. रुग्णालयात त्याची नोंद ‘अनोळखी पुरुष’ अशी होते. अशा रात्री दोन अनोळखी पुरुष आले, तर नंबराशिवाय त्यांच्यात फरक करणारे काहीच उरत नाही. पहिल्या मिनिटाला मिळालेला तो नंबर मनगटावर बांधायचा असतो आणि रक्ताच्या नळीवर, क्ष-किरणाच्या कागदावर तोच लिहायचा असतो. पहाटे नातेवाईक शोधत येतात, नाव कळते. त्या वेळी नव्या नावाने नवा केसपेपर काढला, की रक्तपेढीत रात्रीच्या नंबरावर जुळवून ठेवलेल्या दोन पिशव्या कोणाच्याच राहत नाहीत आणि शस्त्रक्रियेच्या दारात पुन्हा पहिल्यापासून क्रॉसमॅच करावे लागते. म्हणून नाव जुन्या नंबरापुढे लिहायचे, नंबर बदलायचा नाही.